अकरा रिकामी घरं

१

सोमवारी दुपारी सव्वातीन वाजता बालविभागाच्या स्क्रीनने सात नंबरच्या खाटेवरच्या मुलीला चौपट औषध द्यायला सांगितलं. सिस्टरने ते दिलं नाही, म्हणून ही गोष्ट आज शांतपणे सांगता येते आहे.

बुधवारी सकाळी हीच सिस्टर रुग्णालयाच्या तपासणी प्रयोगशाळेत आली आणि उंच स्टुलावर बसली. समोर प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणजे तिच्या सख्ख्या वहिनी. त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत आणि त्यांच्या माघारी ‘तराजू’. बाईंना हे माहीत होतं. तराजू निदान खोटं बोलत नाही, म्हणून त्यांची त्या नावाबद्दल तक्रारही नव्हती.

“नणंदेची साक्ष वहिनीने घ्यायची,” सिस्टर म्हणाली. “नियमात बसतं का गं हे?”

“आपलं किती पटतं ते सगळ्यांना माहीत आहे. पक्षपाताची शंका कुणी घेणार नाही. सांग.”

“सांगते. त्या मुलीला सोमवारपासून नवं औषध सुरू करायचं होतं. तीनला मात्रा-तक्ता सगळ्या विभागांत जातो, तसा गेला. मी स्क्रीनवर ओळ काढली. ‘दर किलोला मात्रा’ याच्याखाली आठ. मला वाटलं, चष्मा पुसावा. पुसला. तरी आठच.”

“मूळ आकडा?”

“दोन. पण गंमत पुढेच आहे. ‘किती तासांनी’ याच्याखाली आकडाच नाही, तिथे लिहिलंय ‘जेवणानंतर’. आणि ‘टीप’ रिकामी. म्हटलं, आज स्क्रीन उपाशी दिसतंय. तडक डॉक्टरांना फोन लावला.”

बाईंनी वहीत तीन शब्द एकाखाली एक लिहिले. मात्रा, तास, टीप. त्यांच्यापुढे आठ, जेवणानंतर आणि एक छोटी आडवी रेघ. खरा क्रम त्यांनी शेजारी लिहिला. दोन, आठ, जेवणानंतर. मग दोन्हींकडे जरा वेळ पाहत राहिल्या.

“वहिनी, मास्तरने हे केलेलं नाही,” सिस्टर म्हणाली.

“कशावरून?”

“माझं मन सांगतं.”

“मन वहीत लिहिता येत नाही. पुढे बोल.”

मास्तर म्हणजे लेखनकक्षातला लेखनिक. जन्मापासून त्याला दृष्टी नव्हती. गेली सहा वर्षं मात्रा-तक्त्याची प्रत्येक ओळ त्याच्या हातून जात होती आणि त्याची एकही चूक कुणाला सापडली नव्हती. उलट तोच सगळ्यांच्या चुका काढी, म्हणून मास्तर. संगणकाचा आवाज तो इअरफोनमधून ऐके, आणि कीबोर्डच्या पुढे ठेवलेल्या ब्रेलपट्टीवर बोटं फिरवून अक्षर न् अक्षर वाची. पुढच्या महिन्यात त्याच्याच शाळेतून शिकलेल्या दोन मुली त्याच्या हाताखाली रुजू व्हायच्या होत्या.

आता ते सगळं टांगणीला लागलं होतं. बालविभागाच्या डॉक्टरांनी लेखी आरोप केला होता. मास्तरने तक्त्यात फेरफार केला, आणि बोंब होताच तो गुपचूप पूर्ववत केला. संचालकांनी बाईंना सकाळीच बोलावून घेतलं होतं. “चारला बैठक. त्याच्यावर शाबीत झालं तर तो जाईल, आणि त्या दोन मुलींची पत्रंही मला मागे घ्यावी लागतील. पुन्हा अशा माणसांवर विश्वास ठेवा म्हणून मी कुणाला सांगू शकणार नाही. तुम्ही तपासा. तुमचं कुणी नाकारणार नाही.”

सिस्टर वॉर्डात परत गेली. बाईंनी आपल्या संगणकावर सोमवारची फाईल उघडली. तीनशे बारा ओळी. वादातली ओळ त्यांनी शोधली आणि बोट ठेवून वाचली. औषधाचं आखूड नाव. दोन. आठ. जेवणानंतर.

सगळं जागच्या जागी होतं. आकडे वरच्या-खालच्या आकड्यांशी दोरी लावल्यासारखे जुळत होते.

मग त्यांनी संगणकाची नोंद पाहिली. सोमवारी मास्तरच्या नावाने ही फाईल एकदाच जतन झाली होती, एक वाजून सतरा मिनिटांनी. त्यानंतर कुणीही तिला हात लावला नव्हता. बिघडवायला एक नोंद लागते, दुरुस्त करायला दुसरी. दुसरी नव्हतीच. मास्तरने ती पुसली असणार, असं सगळे म्हणत होते. पण नोंदी पुसणारा माणूस पहिली नोंद कशाला ठेवील?

बाईंनी पेन खाली ठेवलं. फाईल एकदाच बदलली असेल, तर एकाच वेळी ती चूकही होती आणि बरोबरही.

२

लेखनकक्षाच्या शेजारी, प्लायवूडच्या भिंतीपलीकडे, मांडणीकार बसे. तक्ते, पत्रकं, सूचनाफलक यांची मांडणी बघणं हे त्याचं काम. त्याला सगळे ‘ठिपके’ म्हणत. शब्दांमधली रिकामी जागा, टॅब, ओळीचा शेवट या गोष्टी एरवी स्क्रीनवर दिसत नाहीत, पण त्यांच्या खुणा दाखवायची सोय असते. ठिपके ती सोय कायम चालू ठेवतो, अशी त्याची ख्याती होती. त्याच्या स्क्रीनवर रिकाम्या जागांचे बारीक ठिपके मुंग्यांसारखे पसरलेले असत आणि नव्या माणसाला ते बघून गरगरे, असं सगळे सांगत.

“या बाई, या,” ठिपके खुर्ची पुढे करत म्हणाला. “आज आमच्या बिळात तराजू... म्हणजे प्रयोगशाळा कशी आली?”

“तराजूच म्हणा, सवयीचं आहे. मंगळवारी सकाळी ती फाईल तुम्ही तपासलीत?”

“ओळ न् ओळ. संचालकांनीच सांगितलं होतं.”

“खुणा चालू ठेवून?”

ठिपके दुखावल्यासारखा हसला. “खुणा बंद करून मी आमच्या पोरीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा वाचली नव्हती. व्याही म्हणाले, नावांत चुका शोधताय का? म्हटलं, नाही, नावांच्या मधे शोधतोय.”

“आणि काय सापडलं?”

“काही नाही. स्वच्छ. तशी मी सहीही दिली आहे.” त्याने आवाज खाली आणला. “हे बघा, मास्तर चांगला माणूस आहे. पण फाईल विभागात चुकीची पोचली आणि मंगळवारी माझ्यापुढे स्वच्छ आली. मग मधे कुणीतरी ती नीट केलीच ना? ही फाईल विभागांच्या स्क्रीनवर पाठवणारे प्रोग्रामवाले म्हणतात, बाकीच्या तीनशे अकरा ओळी बिनचूक उमटल्या, तेव्हा प्रोग्रामचा दोष नाही. मग राहिलं कोण?”

“एक ते दीड मास्तर जेवायला बाहेर जातात. ते मागच्या बागेतल्या बाकावर होते म्हणतात.”

“एकटा. कुणी पाहिलेलं नाही.” ठिपके घुटमळला. “बाई, मला चुगली करायची नाही. पण तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. सव्वाएकला मी इथे डबा खात होतो. भिंतीपलीकडून त्याच्या संगणकाचा आवाज येत होता. तो इतका भरभर बोलत होता की शब्द कळत नव्हता, पण एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता, टकटकटक, दहा-बारा वेळा. मग एकदम बंद.”

“हे लेखी दिलंय?”

“काल दिलं.” तो टेबलाच्या कडेकडे पाहत म्हणाला. “मास्तर जागेवरच होता, बाई. तो खोटं बोलतोय.”

३

डॉक्टरांच्या खोलीत बसायला जागा नव्हती, कारण दोन्ही खुर्च्यांवर फाइली होत्या. बाई उभ्याच राहिल्या. डॉक्टर पन्नाशीचे, हुशार, मुलांचे लाडके आणि सतत घाईत. एका हाताने ते सह्या करत होते.

“विचारा. पण दोन मिनिटांत,” ते म्हणाले. “मला फेरीला जायचंय.”

“नव्या औषधाची ओळ तक्त्यात कधी घालायची होती?”

“मी सोमवारी सकाळीच मास्तरकडे मजकूर पाठवला होता. त्या मुलीला ताबडतोब हवं होतं. त्याने लावली ओळ. कशी लावली ते आपण पाहिलंच.”

“तो म्हणतो, मजकूर मंगळवारच्या कामात ठेवला होता. नव्या ओळीला तीन सह्या लागतात. त्याची, ठिपक्यांची आणि तुमची.”

“म्हणू दे. ओळ फाईलमध्ये आहे, त्याच्या नावाने आहे. आकाशातून पडली का?” डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली. “माझं त्याच्याशी वैर नाही, बाई. उलट त्याला घेताना मी होकार दिला होता. पण कुठेतरी मर्यादा असते. ज्याला स्क्रीन दिसत नाही, त्याच्या हाती मुलांच्या औषधाचे आकडे? मी स्वतः ती फाईल उघडून बघितली. माझे डोळे शाबूत आहेत. ओळ अगदी सरळ, आकडा आकड्याखाली. म्हणजे ती नंतर नीट केली गेली.”

“सहा वर्षांत त्याची चूक निघालेली नाही.”

“नशीब म्हणा. तसल्या यंत्रावर कोण नीट काम करणार? एकेक बटण दाबलं की ते मोठ्याने काहीतरी बरळतं. माणसाचं डोकं फिरेल.” त्यांनी शेवटची सही केली आणि उठले. “अजून काही?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मी न विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं.”

डॉक्टरांनी ते ऐकलं नाही. ते जिन्यापर्यंत पोचले होते.

४

मास्तरला सोमवारी संध्याकाळपासून संगणकापासून दूर ठेवलं होतं. बैठकीसाठी बोलावलं म्हणून तो इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून जुन्या नोंदींच्या खोलीत बसून होता. काठी घडी करून मांडीवर. गळ्यात इअरफोन.

“बाई ना?” पावलं ऐकूनच तो म्हणाला. “तुमच्या चपला मोजून पडतात.”

“जेवलात का?”

“घरी अजून सांगितलेलं नाही. बायकोने डबा दिलाय. काल तसाच परत गेला तर म्हणाली, भाजी बिघडली का? म्हटलं, मीच बिघडलोय. हसली. तिला वाटलं, नेहमीचा विनोद.” त्याने डब्यावर हात ठेवला. “त्या दोन मुलींना काय सांगायचं हा खरा प्रश्न आहे. मोठीने खोलीसुद्धा बघून ठेवली आहे.”

“सोमवारी जेवायला जाताना तुम्ही संगणकाला कुलूप लावलं होतं?”

“नाही. ती चूक माझी, लिहून घ्या. स्क्रीन बंदच असतं, मला त्याचा काय उपयोग? वाटलं, काळ्या काचेपुढे कोण येऊन बसणार?”

“आणि इअरफोन?”

“हे? हे माझ्याबरोबर. बागेत बातम्या ऐकतो.”

“परत आल्यावर काही वेगळं वाटलं?”

“आवाज. अगदी तळाला गेला होता. मी इअरफोन घातले आणि काही ऐकूच येईना. वाढवून घेतला. हे मी सोमवारीच सांगितलं होतं, कुणी लिहून घेतलं नाही.”

बाई त्याला प्रयोगशाळेत घेऊन आल्या. लेखनकक्षातून त्याची ब्रेलपट्टी त्यांनी आधीच मागवून ठेवली होती. हातभर लांबीची ती पट्टी, तिच्यातल्या बारीक टाचण्या वरखाली होऊन अक्षरं बनत. बाईंनी ती आपल्या संगणकाला जोडली आणि मूळ फाईलची प्रत उघडली.

“दोन दिवस सगळे या फाईलबद्दल बोलताहेत,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला ती कुणी वाचायला दिली?”

“चोराला तिजोरी कोण दाखवतं?”

“मी दाखवते. वाचा.”

मास्तरची बोटं पट्टीवर टेकली. पाण्यावरून वारा जावा तशी ती ओळीमागून ओळ सरकत राहिली. प्रयोगशाळेत फक्त टाचण्यांची किरकिर. एका ओळीवर बोटं थबकली. मागे आली. पुन्हा पुढे गेली.

“हे काय आहे?”

“तुम्हीच सांगा.”

“औषधाच्या नावानंतर टॅब हवा. एक खूण, की पुढचा रकाना सुरू. प्रत्येक ओळीत आहे. इथे नाही. इथे रिकामी घरं आहेत.” त्याचं बोट टोचत टोचत पुढे गेलं. “एक, दोन, तीन... नऊ, दहा, अकरा. मग दोनचा आकडा. त्याच्यापुढे मात्र टॅब ठीक आहेत. कोण हा गाढव?”

“तुम्ही असं केलं नसतं?”

“बाई, टॅब म्हणजे मला एक पाऊल. ही अकरा घरं म्हणजे अंधारात अकरा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर काही नाही, काही नाही, काही नाही. मी कशाला घालीन? आणि का घालायची? आकडा वरच्या आकड्याच्या बरोबर खाली यावा म्हणून. तो खाली आला की नाही हे मला कळतच नाही.” त्याने हात पट्टीवरून उचलला. आवाजात आता राग होता, स्वच्छ आणि थंड. “ही रांग डोळ्यांनी लावलेली आहे. ही ओळ बघणाऱ्या माणसाने लिहिली आहे.”

५

अडीच वाजले होते. बाईंच्या वहीत एक गोष्ट अजून बसत नव्हती. अकरा रिकाम्या जागा म्हणजे अकरा ठिपके. ते ठिपक्यांना दिसायलाच हवे होते. मग एक तर त्यांनी खोटी सही दिली, किंवा फाईल खरोखरच मधे बदलली. दुसरं खरं असेल तर मास्तरचं सगळं म्हणणं कोसळत होतं.

त्या पुन्हा प्लायवूडच्या भिंतीपलीकडे गेल्या. ठिपके चहा पीत होता.

“तुमची कुठलीही फाईल उघडा,” बाई म्हणाल्या.

त्याने एक सूचनापत्रक उघडलं. बाई वाकून बघू लागल्या. ओळींच्या शेवटी खुणा होत्या. ओळ संपल्यावर कुणी चुकून जागा सोडली असेल तर तिथे ठिपके होते. पण शब्दांच्या मधे? शब्दांच्या मधे नुसता पांढरा पडदा. टॅबच्या जागीही तोच.

“खुणा चालू आहेत म्हणालात.”

“आहेत की. त्या बघा, कडेला.”

“मधल्या कुठे गेल्या?”

ठिपक्याने कप बशीत ठेवला. तो नीट बसला नाही, थोडा सांडला.

“ते... सगळ्या एकदम दाखवायलाच पाहिजेत असं नसतं. कुठल्या दाखवायच्या ते ठरवता येतं. फक्त टॅब, फक्त ओळीच्या शेवटच्या, सगळ्या. निवडायचं.”

“आणि तुम्ही कधी निवडलं?”

 तो एकदम खालच्या पट्टीत म्हणाला, “दिवाणखान्यातलं घड्याळ तुम्हाला दिसत नाही असं बायको म्हणायला लागली तेव्हा. वर्ष झालं. डोळ्यांचं ऑपरेशन करायचंय. दिवसभर ते ठिपके बघितले की डोक्यात घण पडतात. म्हणून मधले बंद केले. चुका बहुतेक ओळीच्या शेवटीच असतात. बहुतेक.”

“कुणाला सांगितलं नाहीत.”

“नाव ठिपके, आणि ठिपके बंद. कसं सांगू?” त्याने चष्मा काढला. “मंगळवारी मी बघितलं ते खरं बघितलं, बाई. खोटी सही नाही दिली.”

“नाही दिलीत. अर्धी दिलीत.” बाईंचा स्वर कडक नव्हता. “आता पूर्ण द्या. मधल्या खुणा चालू करा आणि ती ओळ उघडा.”

त्याने बटण दाबलं. ओळ उघडली. तो स्क्रीनच्या अगदी जवळ गेला, नाक टेकेल इतका. मग मागे सरला आणि खुर्चीत बसून राहिला.

“मी त्याला बुडवलं,” तो म्हणाला.

“अजून दीड तास आहे. सोमवारी भिंतीपलीकडून जो आवाज आला, तो सहा वर्षांत त्याआधी कधी ऐकला होतात?”

ठिपक्याने आठवून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

“नाही,” तो म्हणाला. “कधीच नाही.”

६

चार वाजता संचालकांच्या खोलीत सहा माणसं होती. संचालक, डॉक्टर, सिस्टर, ठिपके, मास्तर आणि बाई. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तक्ता दाखवला होता आणि वादातली ओळ मधोमध होती, सरळ आणि निरागस.

“विभागातल्या स्क्रीनवर काय आलं होतं?” बाईंनी विचारलं.

“मात्रा आठ, तासांच्या जागी जेवणानंतर, टीप रिकामी,” सिस्टर म्हणाली.

“म्हणजे नुसता आकडा बदललेला नाही. सगळी ओळ एक घर डावीकडे सरकली आहे. तासांचा आठ मात्रेत गेला, टीप तासांत गेली. ज्याला आकडा बिघडवायचा आहे तो टीप कशाला हलवील? तेव्हा हा फेरफार नाही. ही चूक आहे, आणि करणाऱ्याला ती अजूनही माहीत नाही.”

डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. ते थांबले.

“ठिपके, खुणा दाखवा. सगळ्या.”

पडदा भरून गेला. ओळीओळींत रकान्यांच्या मधे छोटे बाण उमटले, प्रत्येक टॅबचा एक. वरपासून खालपर्यंत बाणांखाली बाण. फक्त एका ओळीत, औषधाच्या नावापुढे, बाण नव्हता. तिथे अकरा ठिपके होते.

“आपल्याला या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. पांढऱ्या,” बाई म्हणाल्या. “प्रोग्रामला नाही. बाण दिसला की तो रकाना बदलतो. इथे बाण नाही, म्हणून त्याने नाव, अकरा जागा आणि दोन, हे सगळं मिळून औषधाचं नाव समजलं. विभागाच्या स्क्रीनवर नावाचा रकाना अरुंद आहे. दोनचा आकडा कडेला कापला गेला आणि आठ पुढे आला. फाईल कुणी दुरुस्त केलेली नाही. ती सोमवारी एक वाजून सतरा मिनिटांनी जशी होती तशीच आत्ता तुमच्यासमोर आहे. डोळ्याला बरोबर आणि यंत्राला चूक.”

“आणि मंगळवारची तपासणी?” संचालकांनी विचारलं.

ठिपके उभा राहिला. “मधल्या खुणा मी बंद ठेवल्या होत्या, साहेब. डोळ्यांमुळे. ती सही मी मागे घेतो. आणि डोळे दाखवायला जातो.”

संचालकांनी मान डोलावली. “मग ही ओळ लिहिली कुणी?”

“ज्याने जुन्या ओळीची नक्कल केली, नाव निवडताना त्याच्या पुढचा टॅबही निवडला, तिथे आखूड नाव लिहिलं, आणि आकडा वरच्या आकड्याखाली येईपर्यंत स्पेसबार दाबला. हे काम डोळ्यांचं आहे. मास्तरना हे करायचं कारण नाही आणि ते जमलंय की नाही हे कळायचा मार्गही नाही. त्यांनी बोटांनी ही जागा शोधली ती सव्वा मिनिटात. फाईल दोन दिवसांत त्यांना कुणी वाचायलाच दिली नव्हती.”

 बाईंनी पान उलटलं.

“आता आवाज. मास्तर इअरफोन लावून काम करतात आणि उठले की ते गळ्यात घालून जातात. तेव्हा त्यांचा संगणक फक्त ते नसतानाच मोठ्याने बोलू शकतो. ठिपक्यांनी सव्वाएकला तो ऐकला. एकच शब्द, दहा-बारा वेळा. स्पेसबार प्रत्येक वेळी ‘रिकामी जागा’ म्हणत होता. बसलेल्या माणसाने कंटाळून आवाज तळाला नेला, आणि परत आल्यावर मास्तरना तो वाढवावा लागला. म्हणजे जो पुरावा आपण त्यांच्याविरुद्ध धरला, तोच सांगतो की ते तिथे नव्हते.” त्या थांबल्या. “सहा वर्षांत मास्तरचं यंत्र बरळताना इथे कुणी ऐकलंय?”

संचालकांनी नाही म्हटलं. सिस्टरने नाही म्हटलं.

“डॉक्टर, तुम्ही आज सकाळी मला म्हणालात, एकेक बटण दाबलं की ते मोठ्याने काहीतरी बरळतं. तुम्ही ते कधी ऐकलंत?”

डॉक्टरांनी पडद्यावरच्या अकरा ठिपक्यांकडे पाहिलं. त्यांनी ते मोजले असावेत, कारण त्यांचे ओठ किंचित हलत होते.

“मुलीचा ताप उतरत नव्हता,” ते शेवटी म्हणाले. “तीनची वेळ चुकली असती तर औषध दुसऱ्या दिवशी मिळालं असतं. मास्तर जागेवर नव्हता. मी बसलो, स्क्रीन लावलं, ओळ घातली, तीनदा वाचली. बरोबर होती. खरंच बरोबर होती.” आवाज खाली आला. “मग जे झालं त्यावरून मला वाटलं, माझ्यानंतर यानेच काहीतरी केलं असणार. मी बसलो होतो हे सांगितलं असतं तर नियम मोडल्याचं आलं असतं. म्हणून ते वगळलं.”

“वगळलेलंच महागात पडतं,” संचालक म्हणाले. त्यांनी समोरचा आरोपाचा कागद उचलला, त्यावर दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि मोठ्याने वाचल्या. मास्तर आजपासून कामावर. दोन्ही मुलींची पत्रं कायम. डॉक्टरांनी लेखी खुलासा द्यायचा, आणि तक्त्यात यापुढे कुणाचाही हात तीन सह्यांशिवाय लागणार नाही.

डॉक्टर उठून मास्तरपाशी गेले. 

“मास्तर, मी तुमचं...”

“ते खुलाशात लिहा, साहेब. मी वाचून बघीन,” मास्तर म्हणाला. “त्या मुलीला औषध मिळालं का?”

“जुनंच चालू आहे,” सिस्टर म्हणाली. “नवी ओळ परवापासून रोखून धरली आहे.”

“औषधांची पुढची फेरी?”

“पाचला. आजचा तक्ता या बैठकीसाठी थांबवलाय, तो त्याआधी जाईल.”

मास्तरने काठी उघडली. “मग चला.”

“आज?” डॉक्टर म्हणाले. “तीन सह्यांना एक दिवस लागतो.”

“सह्यांना दहा मिनिटं लागतात. दिवस लागतो तो तुम्ही सापडत नाही म्हणून. आज तिघेही इथेच आहोत.”

ठिपके धावतच पुढे गेला आणि त्याने लेखनकक्षाचं दार उघडून धरलं. बाई मागे राहिल्या. त्यांचं काम संपलं होतं. दारातून त्यांना मास्तरची पाठ दिसत होती, पट्टीवर टेकलेली बोटं दिसत होती, आणि शेजारी उभे राहिलेले डॉक्टर, कुठे उभं राहावं ते न कळलेले.

“मी बसू का इथे?” डॉक्टरांनी विचारलं. “मजकूर वाचून दाखवतो.”

“बसा की,” मास्तर म्हणाला आणि पायाने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. “फक्त हात मांडीवर ठेवा.”